छत्तीस नंबरची तार

‘काहीतरी लिही रे, मराठी विभागाची पानं भरत नाहीयेत,’ असं म्हणत आमच्या विंगमधला संपादक मंडळाचा सभासद गेले पंधरा दिवस रात्री अकराच्या चहाला माझ्या खोलीवर येतोय. चहा माझा, बिस्किटं माझी आणि वर लेखही माझाच! बरं, लिहायचं तर कशावर? पाऊस, पहिलं प्रेम आणि मेसची चपाती यांवर दरवर्षी लिहून होतं. शेवटी त्यालाच माझ्या टेबलाच्या खणात एक छोटी डबी दिसली. आत कापसावर खोचलेल्या सात-आठ किड्यांसारख्या वस्तू.

‘हे काय, झुरळाची पिल्लं?’

‘नाही. माश्या आहेत. मासे धरायच्या माश्या.’

‘मग हेच लिही,’ असं म्हणून तो उरलेली बिस्किटं घेऊन गेला.

तर मित्रांनो, ही त्या माश्यांची गोष्ट. आणि थोडी माझ्या वायडीची.

२०२४ च्या जुलैमध्ये सेकंड इयरचा निकाल लागला आणि मी डाऊन झालो. सहा विषय! त्यातले फ्लुइड मेकॅनिक्स आणि एम-थ्री तर असे, की हॉलमधून बाहेर पडतानाच निकाल कळला होता. वर्षभर काय केलं, असं विचाराल तर उत्तर सोपं आहे. सगळं वरवर केलं. परीक्षेच्या आदल्या रात्री नाईट मारायची, पाच वर्षांचे पेपर चाळायचे, सबमिशनला दुसऱ्याचं जर्नल उतरवायचं. फर्स्ट इयर त्यावर निघालं होतं, म्हणून वाटलं, हेही निघेल. नाही निघालं.

वायडी पुष्कळ जण होतात, त्याचं एवढं काही नाही. मी केलेली खरी चूक वेगळी होती. निकाल मी घरी आठ दिवस सांगितलाच नाही. ‘अजून लागला नाही, वेबसाइट बंद आहे,’ वगैरे. आमच्या आप्पांचं तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कृष्णाकाठचा मुलूख, ऊस, विहिरीवरचे आणि नदीवरचे पंप, त्यामुळे जळालेल्या मोटारींना तोटा नाही. त्या दुकानात पंप घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकाने आप्पांना सांगितलं, ‘आमच्या पुतण्याचं सगळं निघालं, तुमच्या पोराचं राहिलं म्हणं?’ आप्पांनी हातातली कॉइल पूर्ण केली, गिऱ्हाइकाला मोटार दिली, पैसे घेतले आणि घरी येऊन जेवले. मला एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ऑगस्ट गेला, सप्टेंबर अर्धा गेला. आम्ही दोघं एका घरात आईमार्फत बोलत होतो.

शेवटी मामाने मला बोलावून घेतलं. मामा सिव्हिल इंजिनियर, हिमाचलमध्ये कुल्लू जिल्ह्यात एका जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यावर कामाला आहे. ‘पुस्तकं घेऊन ये, डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत इथंच अभ्यास कर. घरात दोघंही गुदमरताय,’ म्हणाला. पण त्याच्या साइटवरच्या एका खोलीत आधीच दोघं राहत होते आणि रात्रंदिवस डंपर. म्हणून त्याने त्याच्या ड्रायव्हरच्या घरी, तीर्थन नदीच्या काठच्या एका गावात माझी सोय केली. मंडीकडून जाताना औटचा बोगदा लागायच्या आधी एक रस्ता लारजीकडे फुटतो, आणि तो पुढे बंजारला जातो. बंजारच्या पुढे नदीच्या कडेकडेने वर गेलं की ते गाव. वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, ज्याला २०१४ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. तीर्थन त्या पार्कातूनच खाली येते. तिच्यावर आखलेले वीजप्रकल्प लोकांनी विरोध करून, कोर्टात जाऊन थांबवले. मामा हसून म्हणायचा, ‘ही एक नदी आमच्या हाताला लागली नाही बघ.’

ड्रायव्हरचे वडील, म्हणजे चाचाजी. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर कुल्लूची टोपी, गुडघे कुरकुरणारे. पहिले चार दिवस मी खिडकीत फ्लुइड मेकॅनिक्सचं पुस्तक उघडून खाली नदीकडे बघत बसलो. पाचव्या दिवशी चाचाजी म्हणाले, ‘बेटा, देखना ही है तो नीचे चलके देखो.’

खाली गेलो. आपल्याकडे मासेमारी म्हणजे काय, तर गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची, तंगूस पाण्यात सोडायचा आणि काठावर बसून राहायचं. कृष्णेवर लहानपणी मी हे भरपूर केलंय. मी चाचाजींना विचारलं, ‘गांडूळ कुठे मिळतात?’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी ओरलला एक्स्टर्नलला उलटा प्रश्न विचारला.

इथला मासा म्हणजे ट्राउट. हा मूळचा इथला नाही. इंग्रजांनी आपल्या हौसेसाठी युरोपातला ब्राउन ट्राउट आधी काश्मीरमध्ये आणला, आणि तिथून १९०९ च्या सुमारास कुल्लू खोऱ्यात. त्याला थंड, वाहतं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं, म्हणून आपल्या नद्यांत तो जगणार नाही. अंगावर काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. शिवाय स्वभावाने अत्यंत संशयी. पाणी काचेसारखं, त्यामुळे तुम्हाला तो दिसतो आणि त्याला तुम्ही. एका जागी बसून वाट बघण्यात अर्थ नाही. एक मासा शोधायचा, तो कुठे उभा आहे, काय खातोय ते बघायचं आणि मांजरासारखं त्याच्याकडे जायचं.

चाचाजींचे वडील मत्स्य खात्यात नदीचे राखणदार होते, त्यांच्याकडून ही विद्या चाचाजींकडे आलेली. त्यांनी पहिल्या दिवशी मला रॉडला हात लावू दिला नाही. पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला आणि माझ्या हातात दिला. खालच्या बाजूला नुसती वळवळ! चपटे, सहा पायांचे, शेपटीला दोन-तीन केस असलेले किडे. आणि वाळूचे कण चिकटवून स्वतःला नळीसारखं घर बांधलेल्या अळ्या. ‘ये है इसकी दाल-रोटी,’ चाचाजी म्हणाले. म्हणजे मासा जे खातो त्यातलं बरंचसं तळाशी असतं. पाण्यावर तरंगणारी माशी ही त्याची कधीमधी मिळणारी मेजवानी. रोजचं जेवण खाली. म्हणून गळावर बांधायची नकली माशीही खाली, त्याच्या तोंडासमोर गेली पाहिजे. आणि नदी काही थांबत नाही! तेव्हा माशीच्या पोटात वजन हवं.

संध्याकाळी त्यांनी माशी कशी बांधायची ते दाखवलं. घड्याळजीचा असतो तसा एक छोटा व्हाइस खिडकीच्या फळीला लावलेला. त्यात चौदा नंबरचा गळ पकडायचा. मटार-दाण्याएवढासुद्धा नाही तो. आधी पक्कडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करायचा, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. मग गळाच्या दांड्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळायची, वेढ्याला वेढा लागून, एकावर एक न चढवता. पुढच्या बाजूला, किड्याच्या छातीच्या जागी, अजून थोडे वेढे देऊन उंचवटा करायचा. त्यावर घरच्या मेंढीची न रंगवलेली तपकिरी लोकर, अगदी एकेरी धागा. शेवटी त्याच तारेचे तीन-चार वेढे देऊन अडकवायचं. झालं. ना पंख, ना डोळे. वर जंगलात मोनाल आहे, त्याची पिसं कुणालाही मोहात पाडतील अशी, पण तो कायद्याने संरक्षित आहे आणि चाचाजी त्याचं नाव काढलं तरी रागवायचे. ‘मछली को फ़ैशन नहीं चाहिए. वज़न चाहिए और चाल चाहिए.’

मी त्यांच्या हातातली तार बघत होतो. लालसर, चकचकीत, केसासारखी. ही तार मी ओळखत होतो! शाळेत असताना सुट्टीत दुकानात बसून मी शेकडो पंख्यांच्या कॉइल उलगडल्या आहेत. ही वाइंडिंग वायर. चाचाजींना ती कुठल्याशा पाहुण्याने वीस वर्षांपूर्वी दिली होती आणि आता रिळावर जेमतेम दोन वीत उरली होती.

‘ख़तम हो जाएगी तो?’

‘तो ख़तम,’ चाचाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बंजारला जाऊन विजेच्या सामानाची दुकानं पालथी घातली. जाड वायर होती, बारीक नाही. मग लक्षात आलं, या थंडीत पंखे कोण लावतो? पंखेच नाहीत तर पंख्यांचं वाइंडिंग कोण करणार! एका दुकानदाराने शिशाची तार काढून दिली. तीही वापरतात. शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६, म्हणजे शिसं सरस. बाजारच्या माश्यांना तर टंगस्टनचा मणी असतो, घनता १९.२५. पण शिशाची जाड तार गुंडाळली की माशी पोटुशी दिसते, आणि पाण्यात पडताना ‘डुबुक’ असा आवाज. तो आवाज झाला की उथळ पाण्यातला मासा गायब. शिवाय शिसं विषारी. इंग्लंडमध्ये हंस मरायला लागले म्हणून १९८७ मध्ये गळाच्या छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी घालावी लागली. ते काही नदीत टाकावंसं वाटेना.

आता राहिला एकच माणूस.

त्या दिवशी बंजारच्या बसस्टँडवर मी अर्धा तास फोन हातात घेऊन उभा होतो. दोन बस गेल्या. शेवटी लावला.

‘बोल,’ आप्पा म्हणाले. मागे ग्राइंडरचा आवाज.

‘आप्पा, वाइंडिंग वायर पाहिजे होती. बारीक.’

पलीकडे काहीच नाही. मग ग्राइंडर बंद झाला.

‘गेज किती?’

‘माहीत नाही. केसाएवढी.’

‘केस कुणाचा? तुझा का आईचा?’

मला हसावं का घाबरावं कळेना. म्हटलं, ‘माझ्याहून थोडी जाड.’

‘कशाला पायजे?’

‘मासे धरायला.’

आता बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. गळ, वजन, वेढे, शिसं का नको. दोन महिन्यांचं न बोललेलं सगळं त्या तारेच्या नावाखाली बाहेर पडत होतं. आप्पांनी मध्ये एकदाही ‘अभ्यास करतोस का’ म्हणून विचारलं नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, ‘छत्तीस नंबर घे. फॅनची. चाळीस तुझ्या हातात तुटंल, हात जड हाय तुझा. आन् एनॅमल खरवडू नको, काळी पडंल. पत्ता पाठव.’ फोन बंद.

नऊ दिवसांनी स्पीड पोस्टाने पुडकं आलं. दुकानातल्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं रीळ, त्यावर आप्पांच्या अक्षरात चिठ्ठी. ‘३६ गेज. वजन १०० ग्रॅम. उरलेली परत आणणे.’ दुसरा एक शब्द नाही. मी ती चिठ्ठी फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात ठेवली. अजून तिथंच आहे.

मागाहून वाचनात आलं, की ही युक्ती काही चाचाजींची एकट्याची नव्हे. इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यात एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचा एक नदी-राखणदार होता. तो दोऱ्याऐवजी छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगची तांब्याची तार वापरून माश्या बांधायचा. एकीत फेझंटच्या शेपटीची पिसं आणि तार, दुसरीत लोकर आणि तार. एवढंच. १९५८ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं. पाण्यातला किडा पोहताना पाय अंगाशी चिकटवून घेतो, हे त्याने नदीकाठी बसून बघितलं होतं, म्हणून त्याच्या माश्यांना पायच नाहीत. पाय नाहीत म्हणजे पाण्याचा विरोध कमी, म्हणजे बुडायला लवकर. ड्रॅग कमी करण्याचं हे शिक्षण त्याला कुठल्या कॉलेजात मिळालं नव्हतं.

आता माझ्यातला इंजिनियर जागा झाला. (वायडी असला तरी इंजिनियरच!) चाचाजींच्या अंगणात दोनशे लिटरचा ड्रम होता. त्यात ऐंशी सेंटीमीटर पाणी भरलं, चाचींना टॉर्च धरायला लावला आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर माश्या बुडवायला सुरुवात केली. माझी पहिली माशी गुबगुबीत होती. लोकरीत हवा अडकून ती आधी वर तरंगत राहिली आणि मग नऊ सेकंदांनी तळाला गेली. चाचाजींची सडपातळ माशी, तेवढ्याच तारेची, पावणेसात सेकंदांत. म्हणजे सेकंदाला साधारण बारा सेंटीमीटर. वजन तेच, पण आकार वेगळा. टर्मिनल व्हेलॉसिटीचं जे सूत्र मी परीक्षेत चुकीचं लिहून आलो होतो, ते आता ड्रममध्ये डोळ्यांसमोर बुडत होतं. चाचाजींनी आणखी एक गोष्ट दाखवली. माशी पाण्यात टाकण्याआधी काठच्या ओल्या चिखलात चोळायची. लोकरीचा तेलकटपणा जातो, हवा निघते आणि ती पहिल्या क्षणापासून बुडते.

त्या रात्री मी पहिल्यांदा पुस्तकातलं ते प्रकरण सुरुवातीपासून वाचलं. शेवटून नव्हे.

मग परवाना काढला. मत्स्य खात्याचा रोजचा परवाना घेतल्याशिवाय चाचाजी मला रॉड देईनात. एक नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची बंदी, कारण थंडीत त्यांची वीण असते. म्हणजे माझ्याकडे ऑक्टोबर होता, तोही अर्धा.

पहिले आठ दिवस एकही मासा नाही. कारणं सांगतो, म्हणजे कुणाला उपयोग झाला तर होईल.

पहिलं कारण, माझं लाल जर्किन. दुसरं, मी वरून खाली चालत जायचो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे मी थेट त्याच्या तोंडासमोरून यायचो. खालून वर, त्याच्या पाठीमागून जायला हवं. तिसरं, पाय. दगडावर बूट आपटला की त्याला अंगातून कळतं. चौथं आणि सगळ्यात मोठं, मी उभा राहायचो.

पाण्याचा क्रिटिकल अँगल ४८.६ अंश. त्यामुळे पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तो एक मीटर खोल असेल तर खिडकीचा व्यास साधारण सव्वादोन मीटर, आणि तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा. काठावरचं जे काही जमिनीलगत आहे ते सगळं त्या खिडकीच्या कडेला चेपून बसतं. उभा माणूस खिडकीत दिसतो. गुडघ्यांवर बसलेला माणूस त्या कडेच्या पट्टीत विरघळून जातो. हे फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये मी पाठ केलं होतं, चार मार्कांसाठी. तीर्थनच्या गोट्यांवर गुडघे सोलून घेतल्यावर ते समजलं.

याच नियमाचा दुसरा दणका असा, की तळ आपल्याला वर आलेला दिसतो. सरळ वरून बघितलं तरी खोली पाऊणपटच दिसते, तिरकं बघितलं तर त्याहून कमी. मला मासा सव्वादोन फुटांवर वाटायचा, तो असायचा तीन फुटांवर. अक्रोडाचं पान टाकून प्रवाह मोजला. दहा सेकंदांत चार मीटर. माशी सेकंदाला बारा सेंटीमीटर बुडणार, मासा नव्वद सेंटीमीटर खाली, म्हणजे साडेसात सेकंद. तेवढ्यात ती तीन मीटर वाहणार. म्हणून माशाच्या तीन मीटर वर टाकायची. मी दिसणाऱ्या खोलीवर हिशोब करून सव्वादोन मीटरवर टाकत होतो, आणि माशी दर वेळी त्याच्या डोक्यावरून वीतभर उंच निघून जात होती. बिचारा वर बघायचासुद्धा नाही. हा हिशोब मी चाचाजींना मोठ्या अभिमानाने दाखवला. त्यांनी कागद नीट बघितला आणि म्हणाले, ‘ठीक है. आधा हाथ और ऊपर.’ तळाजवळचा प्रवाह आणि दोरीची ओढ माझ्या हिशोबात नव्हती, त्यांच्या हातात होती.

पुढच्या चार दिवसांत तीन मासे मिळाले. लहान, वीतभराचे. ओल्या हाताने धरून सोडून दिले. पण माझं लक्ष होतं दुसऱ्याच एकाकडे. गावाच्या वर एक मोठी शिळा होती, तिच्या मागच्या खळग्यात तो उभा असायचा. दीड फुटाला थोडा कमी, पाठ काळपट. तीन वेळा मी त्याला उठवून लावला होता.

३१ ऑक्टोबरला, शेवटच्या दिवशी, चाचाजी गुडघ्यांमुळे आले नाहीत. मी एकटा गेलो. ऊन समोरून होतं, म्हणजे माझी सावली मागे. वीस फूट अंतर मी गुडघ्यांवर आणि हातांवर गेलो. पाणी इतकं गार की बोटं आपली वाटेनात. माशी चिखलात चोळली. गाठ थुंकी लावून आवळली, कारण कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस कमजोर होतो. मग वाट बघितली. आधीचा मी असतो तर लगेच टाकली असती. तो किंचित डावीकडे सरकून काहीतरी खाऊन परत जागेवर आला. पुन्हा तेच. तेव्हा मी टाकली. शिळेच्या वर, तीन मीटर आणि अर्धा हात.

आवाज झाला नाही. मनात आकडे मोजत होतो. पाच, सहा, सात... माशी मला दिसत नव्हती. दिसायची गरजही नव्हती, ती कुठे असेल ते मला माहीत होतं. साताला मी रॉडचं टोक हळूच चार बोटं उचललं. तळाचा किडा वर पोहायला निघाल्यासारखी माशी त्याच्या नाकासमोर उठली असणार. तो वळला. पाण्याखाली त्याच्या तोंडाची पांढरी रेघ दिसली, उघडली, मिटली. मी रॉड उचलला.

जड! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताला नदीचं एवढं वजन लागलं. तो शिळेखाली गेला, बाहेर आला, मग सरळ माझ्याच दिशेने सुटला. मी उभा राहून दोरी ओढायला लागलो, पण दोरी ढिली पडली ती पडलीच. काटा दाबलेला गळ, ढिली दोरी. सुटला.

मी तसाच पाण्यात बसलो. दहा मिनिटांनी फोन काढला आणि काही विचार न करता आप्पांना लावला.

‘आप्पा, सुटला.’

‘केवढा होता?’

‘दीड फुटाचा असंल.’

‘तार तुटली का?’

‘नाही. तार चांगली आहे. माझीच दोरी ढिली पडली.’

‘मंग तार बरोबर लागली म्हण की,’ आप्पा म्हणाले. आणि थोडं थांबून, ‘निकाल लागला तवाच सांगितलं असतंस असं, तर काय झालं असतं रं?’

मला उत्तर देता आलं नाही. नदीचा आवाज त्यांना ऐकू जात असणार. ते म्हणाले, ‘बरं, पाण्यातनं बाहीर ये. थंडी वाजंल.’ मी पाण्यात बसलोय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरभर नुसता अभ्यास केला. सिनेमात असतं तसं पेपरला टर्मिनल व्हेलॉसिटीवर प्रश्न काही आला नाही, पंप आणि पाइपच आले. एफएम चव्वेचाळीस मार्कांनी निघाला. एम-थ्री पुढच्या वेळी निघाला. फार मोठा पराक्रम नाही, पण या वेळी प्रत्येक पेपरनंतर घरी फोन करून काय लिहिलं आणि काय सोडलं, ते खरं सांगितलं.

२०२५ च्या पावसाळ्यात कुल्लू खोऱ्यात मोठे पूर आले. चाचाजींचं घर उंचावर म्हणून वाचलं. फोनवर म्हणाले, शिळा जागेवर आहे, पण मागचा खळगा गोट्यांनी भरला. मी विचारलं, ‘और वो?’ चाचाजी म्हणाले, ‘नदी ने उसे कहीं और जगह दे दी होगी. आके ढूँढो.’

हां, रिळाचं राहिलंच. डिसेंबरात घरी गेलो तेव्हा बॅगेतून रीळ काढून आप्पांच्या बाकावर ठेवलं. त्यांनी हातातलं काम बाजूला सारलं आणि रीळ तारेच्या काट्यावर ठेवलं. अठ्ठ्याण्णव ग्रॅम.

‘दोनच ग्रॅम गेली?’

‘वीस माश्या झाल्या त्यात.’

ते बराच वेळ काट्याकडे बघत होते. मग रीळ मोठ्या रिळांच्या फळीवर न ठेवता आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हणाले, ‘बस हितं. एक बांधून दाखव.’

तर मंडळी, यंदा ज्यांचा निकाल तसा लागेल आणि घरी सांगायचं धाडस होत नसेल, त्यांनी रात्री अकराच्या चहाला माझ्या खोलीवर यावं. माशी बांधायला शिकवीन. तार आहे. बिस्किटं मात्र आपापली आणावीत.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)